तात्या विंचूचा दुसरा जन्म : एक उत्तरपक्ष

आपल्या जुन्या वादपद्धतीत एक सभ्यता होती. ज्याचे खंडन करायचे, त्याचे म्हणणे आधी त्याच्याहूनही नीट मांडून दाखवायचे आणि मगच आपले तोंड उघडायचे. भुताखेतांच्या स्वस्तातल्या सिनेमांविषयी, आणि त्यातही त्यांच्या दुसऱ्या भागांविषयी, एक मत इतके सर्वमान्य झाले आहे की ते कोणी सिद्ध करायच्या भानगडीतच पडत नाही. नागपूरच्या पुरवण्यांतला समीक्षक आणि आमच्या साकोलीत चहाच्या टपरीवर बसलेला कॉलेजचा पोरगा या बाबतीत एकाच सुरात बोलतात. तो पूर्वपक्ष मी आधी मांडतो.

भीती एकदाच वापरता येते, असे ते म्हणतात. बाहुला डोळे फिरवतो हे पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा येतो. दुसऱ्यांदा आपण तो कधी फिरवतो याची वाट पाहत बसतो. म्हणजे भुताच्या गोष्टीचा उत्तरार्ध जन्मतःच मेलेला. तो काढला जातो, कारण पहिल्याने गल्ला भरून दिलेला असतो. त्यात निर्मात्याच्या खिशात पैसा नसला की मुखवटे रबराचे दिसतात, रक्त रंगासारखे दिसते, आणि भीतीच्या जागी हसू येते. पुरावा मागितला की मराठी माणूस हमखास ‘झपाटलेला २’कडे बोट दाखवतो. १९९३ चा ‘झपाटलेला’ घराघरांत पाठ. २०१३ चा दुसरा भाग मात्र ‘लक्ष्या नाही तर काय मजा’ एवढ्या एका वाक्यात निकालात निघतो.

हे मत साफ खोटे आहे असे मी म्हणत नाही. त्याने रोग बरोबर पाहिला, पण निदान चुकवले, एवढेच माझे म्हणणे. दुसऱ्या भागात दोष असतात, खूप असतात. पण ते पुनरावृत्तीतून येत नाहीत आणि, एक अपवाद सोडला तर, गरिबीतूनही येत नाहीत.

पुनरावृत्तीचे आधी पाहू. परत येणे हा भुताचा दोष कधीपासून झाला? मेलेला माणूस परत आला नाही तर गोष्टच होत नाही. आपल्याकडची एक फार जुनी आणि फार लोकप्रिय भूतकथा मुळी परतण्याचीच गोष्ट आहे. अकराव्या शतकात सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त गुंफलेली वेताळाची पंचविशी घ्या. राजा झाडावरून प्रेत उतरवतो, खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, राजा उत्तर देतो, वेताळ पुन्हा झाडावर. पुढच्या वेळी तेच झाड, तेच प्रेत, तीच वाट. आजच्या समीक्षकाच्या हिशेबाने हा एकाच सिनेमाचा दोन डझन वेळा काढलेला पुढचा भाग झाला. तरी कोणी कंटाळले नाही, कारण त्या येरझारीला एक कायदा आहे: बोललास तर मी गेलो, आणि उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शकले होतील. दोन्हीकडून कोंडी. गोष्ट दरवेळी बदलते, कायदा तसूभरही बदलत नाही. वेताळाची भीती प्रेताच्या दुर्गंधीत नाही, त्या कायद्यात आहे.

आमच्या पिढीने ग्रंथालयांतून फाटेस्तोवर वाचलेले नारायण धारपही हेच सांगतात. धारपांचे ‘समर्थ’ कथेमागून कथेत येत राहिले, सोबत अप्पा जोशी. समर्थ शेवटी जिंकणार हे वाचकाला पहिल्या पानावर ठाऊक असे. तरीही रात्री कंदील मालवायची हिंमत होत नसे. भीती एकदाच वापरता येते हे खरे असते तर धारपांचा दुसरा समर्थ कोणी विकतच घेतला नसता.

लोकांच्या समजुतीतली भुतेसुद्धा अशीच कलमे लावून बांधलेली आहेत. मुंज झाल्यावर सोडमुंजेआधी गेलेला पोरगा मुंजा होतो आणि पिंपळ सोडत नाही. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. चकवा माणसाला मारत नाही, फक्त त्याच त्या बांधावर रात्रभर फिरवतो. कसा मेला, कुठे राहतो, काय मागतो, काय दिले की शांत होतो – चार प्रश्नांची उत्तरे पक्की असली की भूत उभे राहते. भंडाऱ्याच्या कुठल्याही खेड्यात बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवरून रात्री परतणारा माणूस या चार उत्तरांच्या भरवशावरच चालतो. काय केले म्हणजे सुटका हे त्याला ठाऊक असते. नेमके तेच करायला जमेल की नाही, ही त्याची धास्ती.

ही कसोटी घेऊन ‘झपाटलेला’कडे जाऊ. दिग्दर्शक महेश कोठारेंनी कल्पना कुठून घेतली हे लपलेले नाही. १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन सिनेमात मरणारा गुन्हेगार मंत्राने आपला आत्मा बाहुल्यात घालतो, आणि पुन्हा माणूस व्हायचे तर ज्याला त्याने आपले खरे रूप प्रथम सांगितले त्याच्याच शरीरात शिरावे लागते. हा कायदा कोठारेंनी जसाच्या तसा उचलला आणि बाहुल्यात शिरलेल्या गुन्हेगाराचा तात्या विंचू केला. म्हणून ‘चोरीचा माल’ म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ. पण त्यांनी त्यात केलेला बदल कोणी नीट पाहत नाही. मूळ सिनेमात बाहुला बोलतो हे सांगणारा सहा वर्षांचा मुलगा आहे. तो मूल आहे म्हणून त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. कोठारेंचा लक्ष्या बोळके शब्दभ्रमकार आहे. बाहुल्यांना बोलते करणे हाच त्याचा पोटापाण्याचा धंदा. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना ‘बाहुला बोलतोय’ असे भासवले, त्याच्या हातातला बाहुला एक दिवस खरोखर बोलू लागतो, आणि तेव्हा सारा गाव म्हणतो, वा, काय कला आहे! या एका बदलात मूळ सिनेमाला न सुचलेला उपहास आहे. बाहुला रामदास पाध्यांच्या हातचा. ज्यांच्या वडिलांनी, य. के. पाध्यांनी, अर्धवटराव महाराष्ट्राला दिला, त्या घरातूनच तात्या विंचूचे ते तोंड आले, आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा. कवडी-कवडीचा हिशेब करणाऱ्या मराठी निर्मितीत हा बाहुला आजही जुना वाटत नाही, तो या दोन कलावंतांमुळे आणि त्या कोंडीमुळे.

आता दुसरा भाग. लक्ष्या रंगवणारे लक्ष्मीकांत बेर्डे २००४ च्या डिसेंबरात गेले. नऊ वर्षांनी आलेल्या सिनेमाला त्यांच्याशिवाय उभे राहायचे होते. पटकथेने जे केले ते कायद्याला धरून होते: लक्ष्या नाही, तर देणे त्याच्या मुलावर, आदित्यवर आले. बापाचे कर्ज पोराच्या सातबाऱ्यावर चढते हे आमच्या धानपट्ट्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. तात्या विंचूला शरीर हवे आहे आणि ते बोळके घराण्याचेच हवे आहे. भुताची मागणी पिढी ओलांडून वारसाकडे सरकते, हे दुसऱ्या भागाचे खरे बळ. टीकाकारांनी याची नोंदसुद्धा घेतली नाही.

मग सिनेमा लंगडतो कुठे? ‘लक्ष्या नाही म्हणून’ हे उत्तर भावनेला पटते, पण ते अर्धेच आहे. बेर्ड्यांची जागा भरून काढणारा नट नव्हताच, कबूल. पण नीट पाहिले तर दुसऱ्या भागात ती जागाच उरलेली नव्हती. पहिल्या भागाची सगळी गंमत आणि सगळी भीती ‘माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही’ या एका गोष्टीवर उभी होती. दुसऱ्या भागात पोलीस अधिकारी महेश जाधवला सगळे माहीत आहे, आदित्यच्या आजीला माहीत आहे, आणि प्रेक्षकाला तर वीस वर्षांपासून पाठ आहे. अविश्वास संपला की लक्ष्यासारख्या माणसाला करायला काही राहत नाही. खुद्द बेर्डे असते तरी त्यांना या पटकथेत केवळ पळापळ करावी लागली असती.

ही अडचण प्रत्येक दुसऱ्या भागापुढे येते, आणि ती सोडवायला पैसा लागत नाही. ‘चाइल्ड्स प्ले’चा १९९० चा दुसरा भाग मुलाला परक्या घरी, पालक-कुटुंबात नेऊन ठेवतो, नवी माणसे, नवा अविश्वास. सॅम रेमीने १९८७ मध्ये ‘ईव्हिल डेड’चा दुसरा भाग काढताना पहिल्याची गोष्ट सुरुवातीलाच झटपट नव्याने सांगून टाकली आणि मग नायकाला एकट्याला त्या झोपडीत कोंडून त्याच भीतीला खदखदून हसवले. आज अनेक जाणकार पहिल्यापेक्षा दुसराच सरस मानतात. हसण्याने भीती मरते, या म्हणण्याचेही उत्तर त्यातच आले, म्हणून त्यावर वेगळे थांबत नाही. ज्या मुलखात दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये रात्रभर रंगतात, तिथे ते समजावायची गरजही नाही.

आता गरिबीचा मुद्दा. इथे पूर्वपक्ष सर्वांत कच्चा आहे. हा मुद्दा ऐकताना मला झाडीपट्टीत राहण्याचा फायदा होतो, हे सांगून टाकतो. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत नाटकांचा हंगाम असतो. वडशाला कंपन्यांची कार्यालये, तिथून गावोगावची मंडळे तारखा बांधतात. नाटक रात्री सुरू होते आणि उजाडताना संपते. शीर्षक एक पुरत नाही. ‘अर्थात’ लावून दुसरे जोडतात. मंडपाचे कापड, टांगलेले माईक, रंगवलेले पडदे, सगळे समोर दिसते. झाकायला कोणी जात नाही. पौषाच्या थंडीत गोधडी पांघरून बसलेली बाई खलनायकाच्या दाढीचा डिंक सुटलेला पाहते आणि तरी तिसऱ्या अंकात डोळे पुसते. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच मंचावरच्या कामासाठी. आमच्या साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ज्या झाडीबोलीच्या अभ्यासात आयुष्य घातले, तिच्या या मुलखात खर्चाची कमतरता कोणाला खुपली असे मी पाहिले नाही. खुपतो तो विसंगतपणा. पहिल्या अंकात आंधळा असलेला बाप तिसऱ्या अंकात चिठ्ठी वाचू लागला, तर मागच्या रांगेतून आरोळी येते. प्रेक्षकाने डिंक माफ केलेला असतो, कायदा मोडलेला करत नाही.

सिनेमाच्या इतिहासातही हेच दिसते. रामसे बंधूंनी १९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ महाबळेश्वरला जाऊन, साऱ्या कुटुंबाला कामाला लावून, त्या काळच्या मोठ्या सिनेमाच्या मानाने चिल्लर खर्चात पुरा केला आणि हिंदीत भयपटाचा धंदा उभा राहिला. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’ने त्यांना मोठे यश दिले. त्यातला सामरी म्हणजे उंच अंगाचा अनिरुद्ध अग्रवाल. त्याचा कायदा साधा आणि भयंकर होता: धड एकीकडे, शिर दुसरीकडे, जोवर वेगळे तोवर सुखरूप, आणि त्याने शापलेल्या राजघराण्यातल्या प्रत्येक बाईला बाळंतपणात मृत्यू. यश पाहून १९८५ मध्ये त्याच नावाचा, त्याच नटाचा ‘सामरी’ आला. नवे काय होते? तो थ्री-डी होता. मल्याळममधल्या ‘माय डिअर कुट्टिचातन’ने आदल्या वर्षी चष्म्याची लाट आणली होती, तिच्यावर हा स्वार झाला. ‘पुराना मंदिर’ची आठवण आज चाळिशी ओलांडलेला कोणीही काढतो, ‘सामरी’ची काढणारा दर्दीच असावा लागतो.

आता ही यादी पाहा. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चा तिसरा भाग, १९८२, थ्री-डी. ‘अ‍ॅमिटीव्हिल’चा तिसरा, १९८३, थ्री-डी. ‘जॉज’चा तिसरा, त्याच वर्षी, थ्री-डी. आपल्याकडे ‘राज’चा तिसरा, २०१२, थ्री-डी. राम गोपाल वर्मांचा ‘भूत रिटर्न्स’, तोही २०१२, थ्री-डी. आणि मग २०१३ चा ‘झपाटलेला २’, मराठीतला पहिला थ्री-डी सिनेमा म्हणून गाजावाजा झालेला. पुढच्या भागांना पैसा मिळत नाही असे म्हणणाऱ्यांनी सांगावे, हा चष्म्यांचा खर्च कुठून आला? पैसा होता. तो गेला चुकीच्या जागी. नवा पेच सुचला नाही की निर्माता नवी काच विकत घेतो. पुढच्या भागांचे हे खरे दुखणे.

थ्री-डीने भयपटाचे नुकसान का होते, हेही सांगतो. भीती ही प्रेक्षकाला पडद्याच्या आत ओढणारी गोष्ट आहे. दाराच्या फटीत काय आहे हे पाहायला आपण नकळत पुढे झुकतो. थ्री-डी उलट करते: आतली वस्तू बाहेर फेकते, आणि आपण मागे सरकतो, दचकतो, हसतो. दचकणे आणि घाबरणे यांत फरक आहे. दचकलेला माणूस घरी जाऊन शांत झोपतो. वर्मांचा २००३ चा ‘भूत’ एका उंच इमारतीतल्या एका फ्लॅटमध्ये, लिफ्टमध्ये आणि जिन्यात घडला, त्यात गाणे नव्हते. त्या लिफ्टच्या आरशात पाहायची भीती मुंबईकरांनी महिनोन्‌महिने बाळगली. त्याच्या पुढच्या भागात आख्खा बंगला होता, बाहुली होती, चष्मा होता, आणि त्या भुताला काय हवे आहे हेच कळत नव्हते.

इथवर खंडन. पण कमी खर्चातल्या पुढच्या भागांचे सगळे माफ, असे माझे म्हणणे मुळीच नाही. त्यांचा एक दोष खरोखर खर्चाशी जोडलेला आहे, आणि तो मुखवट्याचा नाही. चित्रीकरणात सर्वांत स्वस्त पडते काय? दोन माणसे खोलीत बसून बोलताना. एक दिवे, एक जागा, अर्ध्या दिवसात चार पाने उरकतात. पळणे, पडणे, अंधार, पाऊस यांना दिवस लागतात. आणि पुढच्या भागात सांगण्यासारखा भूतकाळ दुप्पट असतो: पहिल्या भागाची आठवण आणि तिच्यामागचे नवे रहस्य. स्वस्त बोलणे आणि जास्त सांगायचे, हे दोन्ही एकत्र आले की सिनेमा भुताचे चरित्र वाचून दाखवू लागतो. हडळ का झाली हे एका वाक्यात कळले की अंगावर येते. तिची जन्मपत्रिका उलगडली की जांभई येते.

विशाल फुरिया यांचे उदाहरण यासाठी फार शिकवणारे आहे, कारण एकाच दिग्दर्शकाच्या हाताखाली एकच कल्पना तीन वेळा गेली. २०१७ चा मराठी ‘लपाछपी’ म्हणजे उसाचे शेत, त्यातले एकाकी घर, गरोदर बाई, आणि उषा नाईक. चार-दोन माणसे. त्यातली खरी भीती चकव्याची होती: ऊस माणसाच्या डोक्यावर गेला की वाट वाट राहत नाही. २०२१ मध्ये हाच सिनेमा हिंदीत ‘छोरी’ झाला. २०२५ च्या एप्रिलमध्ये ‘छोरी २’ आला, सोहा अली खानची दासी माँ घेऊन, आणि शेताच्या पोटातली भुयारे घेऊन. प्रचलित मत असे पडले की सिनेमा उपदेशाने मेला, मुलींवरच्या अन्यायाचे भाषण झाले. मला हे पटत नाही. ‘लपाछपी’तही तोच विषय होता, तितकाच उघड. स्त्रीभ्रूणहत्या हा त्यातल्या भुताच्या मरणाचा कायदा होता: कसा मेला आणि काय मागतो, या दोन प्रश्नांचे ते उत्तर होते. उपदेश आणि भूत एकच होते. दुसऱ्या भागात दासी माँच्या शक्तीला कुंपण नाही. ती प्रसंगाला लागेल तेवढी वाढते आणि लागेल तेवढी कमी होते. ज्याला मर्यादा नाही त्याच्यापासून सुटण्याचा हिशेब करता येत नाही, आणि हिशेब करता आला नाही की प्रेक्षक भीती सोडून देतो. मग कानावर राहते ते फक्त भाषण. तरी भुयारांची कल्पना मी चांगलीच मानतो. चकवा जमिनीवरून जमिनीखाली नेला, तो कायद्याचा खरा विस्तार होता. शक्तीच्या बाबतीत तीच शिस्त पाळली असती तर चित्र वेगळे असते.

(अंधश्रद्धा पसरते, हा आक्षेप मी या वादात घेतलेला नाही. तो फक्त पुढच्या भागांवरचा नाही, साऱ्या भूतकथेवरचा आहे. पूर्व विदर्भात जादूटोण्याच्या संशयावरून माणसे मारली गेली आहेत, म्हणून इथल्या लेखकाने तो हलक्यात घेऊ नये, एवढे म्हणतो.)

आता मंडनासाठी एकच उदाहरण पुरे. २०१६ मध्ये झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ आली. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला एक वाडा, मालवणी बोली, आणि पहिल्याच भागात मरणारे अण्णा नाईक. २०१९ मध्ये दुसरे पर्व आले, आणि ते पुढे जायच्याऐवजी मागे गेले. अण्णा जिवंत असतानाचे. वाडा तोच, खर्च दैनंदिन मालिकेचाच. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता यांनी पहिल्या पर्वाला मागे टाकले, हे त्या वर्षी मराठी घरात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. का? कारण ज्या ज्ञानाने ‘झपाटलेला २’चा घात केला, त्याच ज्ञानाचे लेखकाने भांडवल केले. प्रेक्षकाला अण्णा मरणार हे ठाऊक. अण्णाला ठाऊक नाही. वाड्यात भूत नसतानाही प्रत्येक जिन्यावर त्याची सावली होती, कारण ते भूत अजून माणूस होते. अविश्वास संपल्यावर त्या जागी नियती आणून ठेवली. त्याला एक पैसा जास्त लागला नाही. तिसऱ्या पर्वात, २०२१ मध्ये, मालिका पुन्हा अण्णांच्या मरणानंतरच्या काळात आली आणि सगळ्यांना सगळे माहीत असलेल्या त्याच दलदलीत रुतली. शेवंतेची नटी बदलली गेली हे दुखणे त्यापुढे किरकोळ होते.

आता ‘तुंबाड’च्या दुसऱ्या भागाची घोषणा झाली आहे, आणि लोक खर्चाचे आकडे विचारू लागले आहेत. धारपांच्या ‘आजी’ या कथेचा अंश घेऊन राही अनिल बर्वे यांनी २०१८ मध्ये उभा केलेला तो सिनेमा कायद्याचा पुतळाच होता: हस्तर नावाचा देव, कणकेची बाहुली, पिठाचे रिंगण, रिंगणाबाहेर पाय पडला की संपलात. पण शेवटी नायक विनायकाचा मुलगा पांडुरंग सोन्याची थैली नाकारतो आणि बापाला पेटवतो. बोळक्यांच्या घरात देणे बापाकडून मुलाकडे आले. तुंबाडच्या घरात मुलाने ते घ्यायलाच नकार दिला. दुसऱ्या भागाच्या लेखकाला आता एकतर पांडुरंगाचा तो नकार मोडावा लागेल आणि पहिल्या भागाचा शेवट खोटा पाडावा लागेल, नाहीतर हाव धरणारा कोणी दुसराच वारस शोधून त्याला हस्तराच्या विहिरीत उतरवण्याचे पटेल असे कारण द्यावे लागेल. याचे उत्तर पटकथेत आहे की नाही, हे पहिल्या अर्ध्या तासात कळेल.